मायक्रॉनबाईंची निळी गाडी

मायक्रॉनबाई माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी हातांकडे बघत. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा दार उघडून त्यांनी माझ्या चेहऱ्यावर नजरसुद्धा टाकली नाही. माझ्या उजव्या हातात पिशवी होती, डावा मोकळा होता. त्या मोकळ्या हाताच्या अंगठ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "नखं वाढलीत. त्यानेच अंगठा घसरतो तुमचा." आणि मग, "या आत." मी त्रेचाळीस वर्षांचा, ऑफिसात आठ जणांची टीम सांभाळणारा माणूस. चपला काढता काढता दोन्ही हात पाठीमागे लपवले.

त्यांचं आडनाव कांबळे. भांडुपला पूर्वी यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. तिथे त्या एकतीस वर्षं तपासणी खात्यात होत्या. समोर पत्र्याचा ट्रे, हातात मायक्रोमीटर, एकेक भाग उचलायचा, मोजायचा, पास किंवा रिजेक्ट. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. एवढ्याशा फरकासाठी बाई अख्खा ट्रे परत पाठवायच्या, म्हणून मशीनवरच्या लोकांनी चिडून त्यांना मायक्रॉनबाई म्हणायला सुरुवात केली. बाईंना ते नाव आवडलं. कारखाना बंद झाला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, तरी नाव टिकलं. त्यांच्या सातव्या मजल्यावरच्या खिडकीतून ते टॉवर दिसायचे. एकदा बोट दाखवून म्हणाल्या, "माझं टेबल होतं ना, तिथे आता पोहायचा तलाव आहे. निळं पाणी. वरून बघितलं की मला अजून ट्रेच दिसतो."

अशा बाईंची आणि माझी ओळख गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधून झाली, असं सांगितलं की लोकांना मी थट्टा करतोय असं वाटतं.

आई गेल्यावर मुलुंडच्या घरात मी एकटा उरलो. ऑफिस पवईला, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की घरात फक्त फ्रिजचा आवाज. त्या आवाजाला कंटाळून मी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेतलं. गेममध्ये शेकडो गाड्या होत्या. मला आवडली ती एक जुनी, चौकोनी, दोन दारांची जपानी गाडी. लहानपणी घाटकोपरला शेजारच्यांचे पाहुणे आखातातून आले होते, त्यांनी मला तसलीच एक बोटभर गाडी दिली होती, निळ्या रंगाची. गेममध्येही मी निळीच घेतली. पण ती मला चालवता येईना. सरळ रस्त्यावर ठीक, वळण आलं की मागची चाकं निसटायची आणि गाडी गर्रकन फिरून उलटं तोंड करून उभी राहायची.

त्या गेममध्ये गाडीचं सेटिंग बदलता येतं. टायरमध्ये हवा किती, स्प्रिंग किती कडक, ब्रेक पुढे जास्त लागावा की मागे, असं बरंच काही. ज्यांना ते जमतं ते आपलं सेटिंग सगळ्यांसाठी टाकून ठेवतात, आणि माझ्यासारखे लोक ते उतरवून घेतात. मी दहा-बारा जणांची सेटिंग्ज वापरून बघितली. सगळी वाऱ्यासारखी पळणारी आणि माझ्या हाताला न जुमानणारी. एका शनिवारी यादीच्या पार तळाशी एक नाव दिसलं, 'मायक्रॉन भांडुप'. माहितीच्या जागी बाकीचे लोक 'सुपरफास्ट' वगैरे लिहितात. इथे इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी होतं : 'वळणात घाई करू नये. ब्रेक गाडी सरळ असतानाच मारावा.' कारखान्याच्या भिंतीवरची पाटी वाटावी तसं. मला हसू आलं, आणि त्या हसण्यापायी मी ते घेतलं.

पहिल्या वळणावर मी नेहमीसारखा घाबरून उशिरा ब्रेक दाबला. गाडी जराशी डुलली आणि सावरली. दुसऱ्या वळणावर मी जरुरीपेक्षा जास्त वळवली, तेही तिने पोटात घातलं. तिसऱ्या फेरीला लक्षात आलं की मी खांदे सैल सोडून बसलोय. माझ्या हाताच्या सगळ्या खोडी कोणीतरी आधीच ओळखून, त्यांच्यासाठी जागा करून ठेवली होती. बऱ्याच दिवसांत मला असं कोणी ओळखलं नव्हतं. हे लिहायला संकोच वाटतो, पण तेव्हा वाटलं ते हेच.

मी गेममधूनच निरोप पाठवला, 'तुमचं सेटिंग अप्रतिम आहे. भांडुपला कुठे राहता?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'वय किती? गाव कुठलं? आधी कुठे राहत होता?' मला जरा विचित्र वाटलं, पण खरंखरं लिहून टाकलं. मग दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी आलं, 'कुठल्या वळणावर घसरते?' मी लिहिलं, कुठेच नाही, एकदम झकास आहे. त्यावर, 'घसरते. नीट बघा.' त्या संध्याकाळी मी नीट बघितलं. पाचव्या वळणाच्या शेवटी गाडी खरंच हातभर बाहेर जात होती.

असं महिनाभर चाललं. मी समजत होतो, कोणीतरी पंचविशीतला इंजिनिअर असणार. मग एकदा निरोप आला की कंट्रोलरची डावी काडी, अंगठ्याने गाडी वळवायची ती, आपोआप एका बाजूला जाते, नवा कुठे मिळेल. मी म्हटलं, माझ्याकडे एक जादा आहे, रविवारी आणून देतो. दार उघडलं ते सहासष्ट वर्षांच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या बाईंनी.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी भांडुपला जायला लागलो. खोलीत एक पलंग, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, टीव्ही आणि एक बुटकं लाकडी स्टूल. स्टुलावर मी बसायचो, पलंगावर बाई. मी गाडी चालवायचो आणि त्या टीव्हीकडे न बघता माझ्या अंगठ्यांकडे बघायच्या. "आत्ता घाबरलास," त्या म्हणायच्या. दुसऱ्याच रविवारी त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या. मग कंट्रोलर घेऊन एक आकडा बदलायच्या. एका वेळी एकच. मी एकदा म्हटलं, बाई, हवा आणि स्प्रिंग दोन्ही बदलू या की, वेळ वाचेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी चप्पल घालून देवघरात शिरलोय. "दोन बदलले आणि सुधारलं, तर कोणामुळे सुधारलं ते सांगशील? आणि वेळ वाचवून जाणारेस कुठं?"

खरंच, मला कुठे जायचं नव्हतं.

त्या स्वतः कधी शर्यतीत उतरल्या नाहीत. गेममध्ये मोकळा ट्रॅक निवडायचा, बाकी एकही गाडी नाही, प्रेक्षक नाहीत, नुसता रस्ता. त्यावर त्या मध्यम वेगात फेऱ्या मारायच्या. खरी गाडी त्यांनी जन्मात चालवली नव्हती. मी विचारलं, जिंकावंसं वाटत नाही का? तर म्हणाल्या, "मी कधीच काही बनवलं नाही रे. दुसऱ्यांनी बनवलेलं बघितलं फक्त. ही पहिली गोष्ट मी बनवली." एवढं बोलून, जास्त बोललं गेलं असं वाटून, चहा टाकायला उठल्या.

त्यांच्याकडे कौतुकाचा मोठ्यात मोठा शब्द होता 'चालेल'. माझ्या हाताला सरळ ब्रेक मारायची सवय लागायला चार महिने लागले. त्या दिवशी मला 'चालेल' मिळालं. मुलुंडला परत येताना मी रस्त्यात एकटाच हसत होतो.

आणि एक सवय होती. मी आलो की चहाआधी त्या विचारायच्या, "आज किती?" त्यांचं सेटिंग किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा गेममध्ये दिसतो. अक्षरं बारीक, म्हणून मी वाचून दाखवायचो. सत्तावीस. अठ्ठावीस. नवीन कोणी घेतलं असलं की त्यांचा हात पदरावरून एकदा फिरायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला हौस. त्यामागची गोष्ट कळली पावसाळा संपता संपता, तीही मी होऊन विचारली म्हणून. हे मशीन आणलं कोणी, असं मी सहज विचारलं होतं.

"विशालचं आहे," त्या म्हणाल्या. विशाल त्यांचा एकुलता एक मुलगा. नवरा लवकर वारला, त्यांनी त्याला एकटीने वाढवलं. कॉलेजात असल्यापासून त्याला या गेमचं वेड. हीच चौकोनी गाडी, हाच निळा रंग. बाई मागे बसून त्याचे अंगठे बघायच्या. पाच वर्षांपूर्वी त्याने स्नेहल नावाच्या मुलीला घरी आणलं. ती बाहेर चहा पीत होती, तेवढ्यात बाईंनी त्याला आतल्या ओट्यापाशी बोलावलं आणि म्हणाल्या, "बरी आहे. पण एवढ्यावर थांबू नको, आणखी बघ." घर ते केवढं. बाहेर सगळं ऐकू गेलं. स्नेहलने कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. महिन्याभरात दोघांनी रजिस्टर लग्न केलं, बाई गेल्या नाहीत. ती दोघं नाशिकला राहायला गेली. मशीन इथेच राहिलं.

"वर्षभर त्याच्यावर धूळ बसली," बाई म्हणाल्या. "मग म्हटलं, बघू तरी. त्याची गाडी नेहमी वळणावर फिरायची. मला दिसायचं कशाने ते. पण तेव्हा मी नुसतं चूक काय ते सांगायचे, नीट करून दिलं नाही कधी. ती आता त्याच्या हातासाठी केली. कुठंतरी खेळत असेल, तर यादीत नाव दिसेल. घेईल."

माझ्या हाताला इतकी बरोबर बसलेली गाडी दुसऱ्याच्या हातासाठी होती. वय काय, गाव कुठलं, हे त्यांनी का विचारलं होतं तेही तेव्हा उलगडलं. दोन दिवस त्यांना वाटलं असणार, की नाव बदलून आलेला विशालच आहे.

घरी येऊन मी गेममध्ये त्याचं खातं शोधलं. त्याचं गेममधलं नाव बाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं. खातं सापडलं. तो चार वर्षांत एकदाही आत आलेला नव्हता. बाईंनी सेटिंग टाकलं त्याच्याही आधीपासून. पुढच्या रविवारी मी ते सांगणार होतो. पण त्यांनी विचारलं, "आज किती?" मी म्हणालो, "एकतीस." आणि पुढे काहीच बोललो नाही. त्यानंतरही नाही.

हिवाळ्यात एकदा त्या टायरच्या हवेचा आकडा लावत होत्या. अठ्ठावीस लावायचा होता, त्यांनी तेवीस लावला. बाईंनी! मी हळूच कंट्रोलर घेऊन अठ्ठावीस केला. त्या माझ्या अंगठ्याकडेच बघत असल्यामुळे त्यांना ते कळलं.

"तेवीस लावला होता?"

"हो बाई. होतं असं."

"होत नाही असं," त्या म्हणाल्या. "डोळ्याचा पडदा खराब झालाय. दोन्ही डोळ्यांचा. डॉक्टर म्हणतात कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. आत्ताच तुझं तोंड पुसून टाकल्यासारखं दिसतं. कान दिसतात."

मी म्हटलं, "विशालला कळवू या."

"अजिबात नाही. दया येऊन येईल तो. मला तसा नको." मग, अगदी साध्या आवाजात, "तो खेळत नाही ना आता?"

मी कंट्रोलर खाली ठेवला.

"मला माहितेय रे. त्याच्या नावापुढे काय लिहून येतं ते मी डोळे होते तेव्हा वाचलंय. तू सांगत नव्हतास, म्हणून मीही नाही विचारलं."

"मग दर रविवारी आकडा कशाला?"

"कोणी ना कोणी घेतंय ना," त्या म्हणाल्या. "तू घेतलीस."

पुढच्या सहा महिन्यांत त्यांची नजर भराभर कमी होत गेली. गॅसची ज्योत त्या कानाने ओळखायला लागल्या. मी रविवारी सकाळ-संध्याकाळ जायला लागलो, मग बुधवारीही. लिफ्ट बंद असली की सात मजले त्या भिंतीला हात लावून चढायच्या. एकदा त्यांच्या कोपरावर भाजल्याचा डाग दिसला, तो त्यांनी पदराखाली घेतला. मी मुलुंडला परतायचो आणि जेवता जेवता घास हातातच राहायचा.

त्यांच्या मोबाइलवर मी सगळी नावं मोठ्या अक्षरांत करून देत होतो, तेव्हा विशालचा नंबर दिसला. मी तो माझ्या मोबाइलमध्ये घेतला. त्यांना न सांगता. चोरीच होती ती. दोन दिवस तो नंबर नुसता बघत बसलो. खोटं कशाला बोलू, मनात एक वाईट विचार येऊन गेला होता, की तो आला तर मला रविवारी कुठे जायचं उरणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या गच्चीत जाऊन फोन लावला.

मी कोण, बाईंना कसा ओळखतो, हे थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "तिने सांगितलं तुम्हाला फोन करायला?"

"नाही. त्यांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत."

"मग कशाला करताय?"

"त्यांना समोरचं दिसेनासं झालंय. एकट्या राहतात, गॅसजवळ वावरतात. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून."

पलीकडे मागे कुठेतरी यंत्र चालल्याची घरघर. मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. "शाळेत असताना मी एक लाकडी स्टूल केलं होतं. हातोड्याने बोट फोडून घेतलं होतं त्याच्यासाठी. घरी आणलं, तर तिने त्याच्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि मला दाखवलं, बघ, पाणी कुठल्या बाजूने सांडतंय. आठवीत होतो मी, साहेब. स्नेहलला तर ती दहा मिनिटंच भेटली. मी रोज भेटत होतो."

"ते स्टूल आहे अजून," मी म्हणालो. "एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. मी त्याच्यावरच बसतो."

त्याने फोन ठेवला.

तीन आठवडे काही नाही. चौथ्या रविवारी मी सातव्या मजल्यावर पोचलो तर दाराबाहेर पुरुषी बूट. आत विशाल स्टुलावर बसला होता. पस्तिशीचा, रुंद हातांचा. बाई पलंगावर, तोंड खिडकीकडे करून. दोघांना असं बघून मी आल्या पावली परत फिरणार होतो. तो उठून बाहेर आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अर्धा तास झाला. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी जातो."

मला आधी समजेना, मग एकदम समजलं. "अहो, त्या तुमच्याकडेच बघतायत," मी म्हणालो. "त्यांना कडेचंच दिसतं. समोर तोंड केलं तर तुमचा चेहरा जातो. तोंड फिरवलं की तुम्ही दिसता."

तो आत गेला, स्टूल ओढून पलंगाच्या आणखी जवळ घेतलं आणि बसला. बाईंनी मान थोडी आणखी खिडकीकडे वळवली. "केस पिकले तुझे," त्या म्हणाल्या.

मी चहा टाकला. बाहेर आलो तेव्हा विशालच्या हातात कंट्रोलर होता. निळी गाडी निघाली, पहिली दोन वळणं नीट गेली, तिसऱ्यावर फिरून उलटं तोंड करून उभी राहिली. "हात राहिला नाही," तो म्हणाला.

"हात आहे," बाई म्हणाल्या. "गाडी बदललीय. दीड वर्ष हा चालवतोय, याच्या हाताची झाली ती. मीच करत गेले." त्यांनी मला हाक मारली. "अजित, आकडे वाच. परत आणू या."

त्या दुपारभर मी आकडे वाचत होतो, त्या सांगत होत्या, विशाल चालवत होता. हवा, फेरी. स्प्रिंग, फेरी. ब्रेक, फेरी. माझ्यासाठी दीड वर्षात केलेला एकेक बदल मी माझ्याच तोंडाने वाचून मागे घेत होतो. माझ्या घरच्या मशीनमध्ये माझं सेटिंग होतंच, ते कुठे जाणार नव्हतं. तरी प्रत्येक आकडा मी जरा हळूच वाचत होतो. चारच्या सुमाराला गाडी सगळी वळणं घेऊन सरळ रस्त्याला लागली. विशालने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाईंनी चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी चपला घालून निघालो. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि तेच बरं झालं.

पुढच्या रविवारी स्नेहल येणार होती. ते घरचं होतं, म्हणून मी गेलो नाही. काय झालं ते बाईंनी नंतर सांगितलं, नेहमीसारखं मोजून. "मी म्हटलं, तेव्हा माझं मोजायचं चुकलं. ती म्हणाली, आई, दहा मिनिटांत काय मोजणार होतात? मी म्हटलं, हेच चुकलं." एवढंच. मग माझ्याकडे कान करून म्हणाल्या, "माझ्या मोबाइलमधून नंबर घेतलास."

"हो."

"विचारून घ्यायचास."

"विचारलं असतं तर दिला असता?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. कप भरल्याचं त्यांना आवाजावरून कळायचं. एक थेंब सांडला नाही.

मार्चमध्ये विशाल टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतंच. लिफ्टने तीन खेपांत उतरलं. बाई खाली येऊन टेम्पोत पुढे बसल्या. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील. त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठा बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "रोज बाहेर चालायला जात जा. ऑफिसात कोणाशी तरी बोल. नुसता घरात बसू नकोस." मी हो म्हणालो. टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत मी फाटकापाशी उभा होतो. वॉचमनने विचारलं, "तुमच्या आई का?" मी मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, मलाही कळलं नाही.

नाशिकला विशालचा छोटा कारखाना आहे, घराच्या खालीच. दोन लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, आणि चार माणसं. बाई आता तिथे बसतात. डोळे गेले, पण तयार भागाच्या कडेला राहिलेलं धातूचं बारीक कुसळ त्यांना बोटाने कळतं, जे चष्मेवाल्यांना दिसत नाही. सुरुवातीला दर रविवारी आमचा फोन व्हायचा. त्या लेथबद्दल बोलायच्या, माणसांबद्दल, स्नेहल डाळीला कढीपत्ता जास्त घालते त्याबद्दल. मग पंधरा दिवसांनी व्हायला लागला, मग महिन्याने. कोणी तोडला नाही. त्यांचा दिवस भरत गेला, एवढंच.

मी अजून संध्याकाळी निळी गाडी काढतो. चांगली चालते. कुठे घसरते ते बघायचा प्रयत्न करतो, पण एकट्याला ते दिसत नाही. सकाळी चालायला जातो. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या देशपांड्यांबरोबर जेवतो. त्यांना गेम वगैरे ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी फोन लावला. विशालने बाईंना नवा मोबाइल घेऊन दिलाय, फोन करणाऱ्याचं नाव मोठ्याने बोलून दाखवणारा. त्यात सगळी नावं अजून भरली नसावीत. फोन एका बाईने उचलला, आवाज हसरा होता.

"आई खाली कारखान्यात आहेत. मोबाइल वरच राहिला. मी त्यांची सून बोलतेय."

खालून लेथचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाच्या वरताण बाई कोणाला तरी काहीतरी खडसावून सांगत होत्या. शब्द कळले नाहीत. आवाज मात्र ठणठणीत होता.

"बोलावू का त्यांना?"

"नको, नको," मी म्हणालो. "कामात आहेत, असू दे. अजितचा फोन होता म्हणून सांगा."

"अजित..." ती जरा थांबली. "कोण अजित म्हणून सांगू?"

मुलगा नाही, भाचा नाही, कारखान्यातला माणूस नाही. गेमबद्दल सांगायला लागलो असतो तर फार वेळ लागला असता, आणि तिच्या गॅसवर काहीतरी शिजत होतं, शिट्टी ऐकू आली.

"भांडुपचे शेजारी," मी म्हणालो.

"बरं, सांगते हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. भांडुपला मी कधीच राहिलो नाही. मुलुंडपासून भांडुप दोन स्टेशनं लांब. पण मला दुसरा शब्द सापडला नाही.